संकोचाची किंमत

काही विषय असे आहेत, की ते घरात निघाले तर वडील मंडळींची मान खाली जाते आणि छापून आले तर 'ही चारचौघांत वाचण्याची गोष्ट नव्हे' अशी तक्रार होते. एच.आय.व्ही. आणि एड्स हा त्यांतलाच एक विषय. तरीही आम्ही तो आज वाचकांपुढे ठेवीत आहोत, आणि त्याच्या एकाच बाजूविषयी बोलणार आहोत. या विषाणूची बाधा झालेल्या माणसाच्या फुफ्फुसांना काही विरळे आजार जडतात, ती ही बाजू. या आजारांपैकी बहुतेकांवर औषध आहे, आणि सर्वांत अधिक आढळणाऱ्यावरचे औषध तर अगदी स्वस्त आहे. असे असूनही त्यांनी माणसे दगावतात, कारण ती रुग्णालयात फार उशिरा पोहोचतात. हा उशीर कोठून येतो हे समजून घ्यावयाचे, तर जपानइतके बोलके उदाहरण दुसरे नाही, असे आमचे मत आहे.

जपानच का, असे वाचक विचारतील. गरीब देशात माणूस डॉक्टरांकडे उशिरा जातो त्याची कारणे उघड असतात. पैसा नसतो, दवाखाना दूर असतो, औषध मिळत नाही. जपानास यांतील एकही कारण लागू पडत नाही. तेथे १९६१ सालापासून सर्व जनतेस आरोग्यविम्याचे संरक्षण आहे. नोकरदार माणसाची दर वर्षी वैद्यकीय तपासणी होते आणि तीत छातीचा एक्स-रेही काढला जातो. एच.आय.व्ही.ची चाचणी या वार्षिक तपासणीत नसते. पण सरकारी आरोग्य केंद्रांत ती विनामूल्य होते आणि तेथे आपले नावही सांगावे लागत नाही. इतके सगळे असूनही २०२३ साली तेथे नव्याने नोंदल्या गेलेल्या ९६० बाधितांपैकी २९१ जणांना आपली बाधा कळली, तेव्हा एड्स हा रोग पुरता प्रकट झालेला होता. म्हणजे दहांतील तिघांना. जपानी लोकांनी या प्रकारास एक नावच देऊन ठेवले आहे : 'इकिनारी एइझु', म्हणजे 'एकाएकी एड्स'. वस्तुतः त्यात एकाएकी असे काही नसते. विषाणू शरीरात अनेक वर्षे काम करीत असतो. कळते मात्र एकाएकी, आणि पुष्कळदा ते कळते श्वास कोंडू लागला म्हणजे.

कारण, जपानात एड्सची नोंद ज्या आजारांवरून होते, त्यांत सर्वांत पुढे आहे तो 'न्यूमोसिस्टिस' नावाचा न्यूमोनिया. सर्वसाधारण माणसाच्या बाबतीत हा आजार विरळाच. पुष्कळ डॉक्टरांनी तो फक्त पुस्तकात वाचलेला असतो. म्हणून त्याची थोडी ओळख करून देणे अवश्य आहे.

न्यूमोसिस्टिस ही एक सूक्ष्म बुरशी आहे. ती हवेतून माणसाकडून माणसाकडे जाते, आणि आपल्यापैकी बहुतेकांची तिच्याशी गाठ लहानपणीच पडून गेलेली असते. धडधाकट शरीर तिला डोके वर काढू देत नाही. रक्तातील 'सीडी-४' नावाच्या पेशी हे पहाऱ्याचे काम करवून घेतात. निरोगी प्रौढ माणसाच्या एका घनमिलिमीटर रक्तात त्या साधारणतः पाचशेहून अधिक असतात. एच.आय.व्ही. नेमक्या याच पेशींचा नाश करतो. त्यांची संख्या दोनशेच्या खाली गेली, की पहारा उठतो आणि ही बुरशी फुफ्फुसांत बेसुमार वाढते.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात युरोपातील अनाथालयांतून अपुऱ्या दिवसांची व कुपोषित तान्ही मुले याच आजाराने मरत होती. त्याचा छडा लावणाऱ्यांपैकी ओटो यीरोवेत्स या चेक शास्त्रज्ञाचे नाव आज या बुरशीस दिलेले आहे. मोठ्या माणसांत मात्र हा आजार इतका क्वचित होई, की अमेरिकेत त्यावरचे पेंटामिडीन हे औषध एकाच सरकारी संस्थेकडून मागवावे लागे. १९८१ साली या औषधाची मागणी अवचित वाढली आणि तेथील कर्मचाऱ्यांस नवल वाटले. त्याच वर्षी ५ जूनला, लॉस एंजेलिस येथील पाच तरुणांस हा न्यूमोनिया झाल्याचे वृत्त त्या संस्थेच्या साप्ताहिक पत्रकात छापून आले. एड्सच्या इतिहासाचे पहिले पान ते हेच.

या आजाराची चाल फसवी असते. एच.आय.व्ही.बाधित माणसात तो काही दिवसांत उसळत नाही. कित्येक आठवडे हळूहळू वाढत जातो. खोकला कोरडा असतो, कफ फारसा पडत नाही. बारीक ताप असतो, वजन उतरते. पूर्वी दोन जिने सहज चढणारा माणूस एका जिन्यात थांबतो आणि 'आता वय झाले' असे म्हणून मनाचे समाधान करून घेतो. डॉक्टर छातीला नळी लावतात, तर काही विशेष ऐकू येत नाही. आरंभी एक्स-रेही स्वच्छ दिसू शकतो. पुढे सी.टी. स्कॅन काढला म्हणजे दोन्ही फुफ्फुसांवर घासलेल्या काचेसारखी धूसरता दिसते. या अवधीत खोकल्याच्या दोन बाटल्या आणि साध्या प्रतिजैविकाचे एक-दोन क्रम होऊन गेलेले असतात, आणि मोलाचे आठवडे निघून गेलेले असतात.

आणि यावरील मुख्य औषध कोणते? मुंबईत सेप्ट्रान आणि इकडे रेस्प्रिम या नावाने जे आपल्या घरांत अनेकांनी घेतलेले आहे, तेच. अर्थात येथे मात्रा फार मोठी लागते, एकवीस दिवस लागते आणि ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावी लागते. रक्तातील प्राणवायू फार उतरला असेल तर सोबत स्टेरॉइड द्यावे लागते. पण ज्यास आपली बाधा वेळेवर कळली आहे, त्याच्या सीडी-४ पेशी उतरल्या तरी याच औषधाची रोजची एक गोळी हा न्यूमोनिया बहुतांशी दूर ठेवते. आणि ज्याचे विषाणुविरोधी उपचार आधीच सुरू झाले आहेत, त्याच्या पेशी सहसा तेथवर उतरतच नाहीत. इतक्या साध्या गोळीने जे टळते, त्यासाठी माणसाने अतिदक्षता विभागात नळ्या लावून पडावे, यास दुर्दैव म्हणून सोडून देता येणार नाही.

न्यूमोसिस्टिसच्या मागे आणखीही काही नावे आहेत. क्षयाच्या जंतूचे काही भाऊबंद माती आणि पाण्यात राहतात. त्यांतील 'एव्हियम' हा जंतू, सीडी-४ पेशी पन्नासाच्या खाली गेल्या म्हणजे, सर्व अंगभर पसरू शकतो. 'क्रिप्टोकॉकस' ही बुरशी कबुतरांच्या विष्ठेने दूषित झालेल्या मातीत असते. ती श्वासावाटे फुफ्फुसांत शिरते आणि तेथून मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचते. 'रोडोकॉकस' हा मूळचा घोड्यांच्या शिंगरांचा आजार. तो माणसाच्या फुफ्फुसात पोकळी करतो आणि एक्स-रेवर हुबेहूब क्षयासारखा दिसतो. आग्नेय आशियात आणि आपल्या मणिपुरात आढळणारी 'टॅलेरोमायसिस' ही बुरशीही क्षयाचे सोंग घेते. सोंग ओळखले गेले नाही, तर रुग्ण महिनोन्‌महिने क्षयाची औषधे घेत राहतो आणि रोग आपला वाढतच राहतो.

येथे आम्हां स्थलांतरितांच्या उपयोगाची एक गोष्ट सांगितली पाहिजे. जपानात काही बुरशीजन्य आजारांस 'आयात झालेले' असे म्हणतात, कारण ते तेथील मातीतले नव्हेत. परदेशांत राहून वा प्रवास करून आलेल्यांबरोबर ते येतात. चिबा विद्यापीठात बुरशीजन्य रोगांच्या अभ्यासाचे केंद्र आहे आणि तेथे या आजारांकडे वेगळे लक्ष पुरवले जाते. यातील बोध साधा आहे. डॉक्टरांच्या मनात प्रथम त्यांच्या देशातला रोग येतो. रुग्णाच्या फुफ्फुसात त्याच्या जुन्या देशातला असू शकतो. आपल्यापैकी जे भारतात वाढले, त्यांतील अनेकांच्या शरीरात क्षयाचे जंतू निद्रिस्त असण्याचा संभव आहे, आणि एच.आय.व्ही. त्यांस जागे करतो. भारतात तर बाधितांच्या छातीचा पहिला शत्रू क्षयच आहे. यास्तव दीर्घ खोकल्यासाठी कुपत होलीमच्या डॉक्टरांकडे जाणाऱ्याने, आपण कोठे जन्मलो, कोठे राहिलो, गेल्या काही वर्षांत कोठे जाऊन आलो, हे न विचारताही सांगावे.

पुन्हा जपानकडे वळू. या रोगाच्या ज्ञानात जपानी शास्त्रज्ञांचा वाटा लहान नाही. एच.आय.व्ही.स रोखणारे पहिले औषध झिडोव्ह्युडीन. त्याचा गुण १९८५ साली अमेरिकेतील राष्ट्रीय कर्करोग संस्थेत ज्यांनी प्रयोगशाळेत दाखवून दिला, त्यांत हिरोआकी मित्सुया हे जपानी डॉक्टर प्रमुख होते. न्यूमोसिस्टिससारख्या बुरशीचा सुगावा रक्तातून लावणारी एक चाचणी आज जगभर वापरली जाते. तिचे मूळ क्यूशू विद्यापीठातील संशोधनात आहे. नालेच्या आकाराच्या समुद्री खेकड्याचे रक्त बुरशीच्या कवचातील एका द्रव्याने गोठते, असे तेथील शास्त्रज्ञांनी १९८१ साली दाखवले. ज्या देशाने औषध शोधण्यास हात लावला आणि निदानाची वाट दाखवली, त्याच देशात दहांतील तिघांना आपला रोग शेवटच्या पायरीवर कळतो. अर्थात ज्ञान, पैसा आणि सोय यांच्या पलीकडे काहीतरी कमी आहे. आमच्या मते ते तेथील इतिहासात सापडते.

त्या इतिहासाचे पहिले प्रकरण रक्तस्रावाच्या आनुवंशिक रोग्यांचे, म्हणजे हिमोफिलियाग्रस्तांचे आहे. यांचे रक्त गोठत नाही म्हणून त्यांस इतरांच्या रक्तद्रवापासून काढलेला घटक टोचावा लागतो. १९८० च्या सुमारास जपानात वापरला जाणारा हा घटक पुष्कळ अंशी अमेरिकेतून आलेल्या रक्तद्रवाचा असे, आणि तो हजारो दात्यांचा एकत्र केलेला असे. एकाच्या रक्तात विषाणू असला तरी साऱ्या साठ्यात तो उतरे. उष्णता देऊन शुद्ध केलेल्या औषधास अमेरिकेत १९८३ साली परवानगी मिळाली. जपानात ती मिळण्यास जुलै १९८५ उजाडले. या काळात जुने औषध चालूच राहिले. परिणामी देशातील सुमारे पाच हजार हिमोफिलियाग्रस्तांपैकी १,४०० हून अधिक जणांस बाधा झाली. त्यांत शाळकरी मुले होती. त्यांपैकी सुमारे निम्मे आज हयात नाहीत. अनेकांस आपणांस बाधा झाल्याचे डॉक्टरांनी वेळेवर सांगितलेही नाही. १९८३ साली दगावलेला एक हिमोफिलियाग्रस्त एड्सने गेला, हे अधिकृतपणे मान्य होण्यास दोन वर्षे लागली. तोवर देशातील 'पहिला रुग्ण' म्हणून, मार्च १९८५ मध्ये, अमेरिकेत राहणाऱ्या एका जपानी गृहस्थाची घोषणा होऊन गेली होती. रोग परक्या देशातून, परक्या वागणुकीतून येतो, हा समज लोकांच्या मनात असा अगदी आरंभीच रुजला.

दुसरे प्रकरण कोबे शहराचे. जानेवारी १९८७ मध्ये तेथे देशातील पहिल्या स्त्री-रुग्णाची घोषणा झाली आणि काही दिवसांतच ती मरण पावली. तिच्या अंत्यविधीच्या वेळी छायाचित्रकार पोहोचले. एका साप्ताहिकाने तिचे छायाचित्र छापले. पुढे न्यायालयाने कुटुंबास भरपाई देवविली. पण त्या घराची जी अब्रू वेशीवर टांगली गेली, ती भरून येणारी नव्हती. सर्व देशाने हे पाहिले आणि मनात एक गोष्ट पक्की बांधली : हा रोग झाला तर मेल्यावरही सुटका नाही.

तिसरे प्रकरण कायद्याचे. १९८९ साली एड्स-प्रतिबंधक कायदा अमलात आला. डॉक्टरांनी रुग्णांची माहिती सरकारास कळवावी, आणि जो रुग्ण सांगितलेले ऐकत नाही व इतरांस बाधा करील असा संशय येईल, त्याचे नाव-पत्ताही कळवावा, अशी त्यात तरतूद होती. हेतू समाजाच्या रक्षणाचा सांगितला गेला. परंतु चाचणीच्या पलीकडे पोलिसी डोळा आहे असे वाटू लागले, की माणूस चाचणीच्याच वाटेस जात नाही. दहा वर्षांनी, १९९९ साली, हा कायदा रद्द होऊन संसर्गजन्य रोगांचा नवा कायदा आला. त्याच्या प्रास्ताविकात, कुष्ठरोगी आणि एड्सचे रुग्ण यांस पूर्वी अकारण भेदभाव सोसावा लागला, हे राष्ट्राने स्वतःच नमूद केले आहे. कायद्याच्या पुस्तकात आपल्या समाजाच्या वर्तनाची अशी कबुली क्वचितच वाचावयास मिळते.

याच इतिहासात एक उजळ पानही आहे आणि ते आम्हांस फार महत्त्वाचे वाटते. १९८९ साली हिमोफिलियाग्रस्तांनी ओसाका व टोकियो येथे सरकार आणि औषध कंपन्यांविरुद्ध दावे दाखल केले. प्रथम बहुतेक सारे नाव झाकून लढले. रिउहेइ कावादा हा १९ वर्षांचा तरुण १९९५ साली आपल्या खऱ्या नावानिशी जनतेपुढे उभा राहिला आणि वातावरण पालटले. फेब्रुवारी १९९६ मध्ये आरोग्यमंत्री नाओतो कान यांनी शासनाच्या वतीने क्षमा मागितली. मार्चअखेर समेट होऊन प्रत्येक वादीस साडेचार कोटी येन देण्याचे ठरले. पण वादी पैशांवर थांबले नाहीत. त्यांच्या आग्रहातून १९९७ साली टोकियोत एड्स-उपचाराचे राष्ट्रीय केंद्र उभे राहिले, विभागवार रुग्णालये नेमली गेली, आणि १९९८ पासून एच.आय.व्ही.बाधितांस अपंगत्वाच्या सवलती मिळून औषधांचा भार हलका झाला. या सोयी केवळ हिमोफिलियाग्रस्तांपुरत्या ठेवल्या गेल्या नाहीत. बाधा कशी झाली हे न विचारता त्या सर्वांस मिळतात. ज्यांस सारे जग 'निरपराध' म्हणत होते, त्यांच्याच झगड्यातून हे साधले, याची नोंद घेतली पाहिजे. आमच्या मते या साऱ्या प्रकरणातील सर्वांत मोठे शहाणपण ते हेच.

कावादा पुढे २००७ साली जपानच्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहात निवडून आले. परंतु एका माणसाच्या धैर्याने समाजाचा संकोच संपत नाही. २०१९ साली साप्पोरो येथील न्यायालयात एक दावा निकाली निघाला. एका रुग्णालयाने समाजसेवकाच्या पदासाठी निवडलेल्या उमेदवारास, त्याने आपली बाधा सांगितली नाही म्हणून, नोकरी नाकारली होती. बाधा सांगण्याचे बंधन त्याच्यावर नव्हते, असे ठरवून न्यायालयाने १६ लाख ५० हजार येन भरपाई देवविली. निकाल योग्य लागला. पण ज्या देशात रुग्णालयच घाबरते, तेथे सामान्य कारकुनाने चाचणीस कोणत्या बळावर जावे? २००८ साली जपानच्या सरकारी केंद्रांतून सुमारे १ लाख ७७ हजार चाचण्या झाल्या. कोविडची साथ आली त्या २०२० साली, आरोग्य केंद्रे त्याच कामात गुंतल्यामुळे, ही संख्या सुमारे ६९ हजारांवर उतरली. जी वाट मुळातच संकोचाने अरुंद झालेली असते, ती बंद होण्यास थोडेसे निमित्तही पुरते.

वाचकांस वाटेल, ही दूरदेशीची कथा झाली. परंतु १९९६ हे साल इस्राएलातील स्थलांतरितांच्याही लक्षात असेल. त्या जानेवारीत असे उघडकीस आले, की इथियोपियाहून आलेल्या आपल्या बांधवांनी श्रद्धेने दिलेले रक्त, एच.आय.व्ही.च्या भीतीने, त्यांस न कळविता वर्षानुवर्षे टाकून दिले जात होते. जेरुसलेममध्ये हजारो लोक रस्त्यावर आले आणि माजी राष्ट्राध्यक्ष इत्झाक नावोन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. जपानात जे रक्त थांबवावयास हवे होते ते गुपचूप टोचले गेले. येथे दिलेले रक्त गुपचूप फेकले गेले. दोन्हींकडे अधिकाऱ्यांनी लोकांशी खरे बोलण्याचे टाळले, आणि दोन्हींकडे लोकांच्या मनात चाचणी व दवाखाना यांविषयी अविश्वास उरला. अशा अविश्वासाची किंमत पुढे रुग्णास भरावी लागते.

आणि लपवाछपवी आपल्या समाजासही नवी नाही. अलिबाग-पेणकडील गावांतून आणि मुंबईच्या चाळींतून आलेल्या वडील मंडळींस क्षयाचे दिवस आठवत असतील. घरातील तरुण मुलास क्षय झाला, तर तो 'हवापालटासाठी' पांचगणीस किंवा मिरजेस गेला आहे, असे शेजारी सांगण्यात येई. बहिणीचे स्थळ जमेपर्यंत त्याचे नाव काढावयाचे नाही, असा घरात अलिखित नियम असे. त्या मौनापायी किती जण उशिरा औषधाला लागले आणि किती जणांनी घरातील लहानांस रोग दिला, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. आज क्षय हा शब्द आपण निःशंकपणे उच्चारतो, कारण त्यावर औषध निघाले आणि माणसे बरी होऊन घरी आलेली आपण पाहिली. पांचगणीचे बेल-एअर रुग्णालय मूळचे क्षयरोग्यांसाठी होते. पुढे तेथेच एच.आय.व्ही.बाधितांवर उपचार होऊ लागले. इमारत तीच राहिली. आता जुन्या संकोचाचे ओझे नव्या रुग्णांवर लादावयाचे की नाही, हे आपण ठरवावयाचे आहे.

याविषयी जे आक्षेप ऐकू येतात, त्यांस उत्तर देणे प्राप्त आहे.

पहिला आक्षेप : 'आपल्यांत हे नाही.' असे प्रत्येक समाज म्हणतो. जपानही तेच म्हणत होता. विषाणू कुळ पाहत नाही. तो इंजेक्शनाच्या सुईतून येतो, तपासणी न केलेल्या रक्तातून येतो, विवाहित जोडीदाराकडून येतो. उशिरा कळणाऱ्यांत वय वाढलेल्या, प्रतिष्ठित गृहस्थांचा भरणा असतो, कारण आजोबांना असा प्रश्न विचारण्याचे धाडस ना मुलास होते, ना तरुण डॉक्टरास.

दुसरा आक्षेप याच्या अगदी उलट आहे : 'मग सर्वांची सक्तीने चाचणी करा, निदान लग्न ठरण्यापूर्वी तरी.' गोव्यात २००६ साली असा विचार सरकारी पातळीवरही पुढे आला होता. मुलीच्या आईबापांची चिंता आम्ही समजू शकतो. वधूवरांनी परस्पर विचाराने, आपल्या इच्छेने एकत्र चाचणी करून घेतली, तर ती उत्तमच गोष्ट आहे. परंतु सक्ती झाली, की खोटे दाखले निघतात, आणि ज्याच्या मनात भीती आहे तो सर्वांत आधी पळतो. जपानच्या १९८९ च्या कायद्याने हेच शिकविले. भारताने २०१७ साली जो एच.आय.व्ही.विषयक कायदा केला, त्यात संमतीवाचून चाचणी करू नये हे तत्त्व स्वीकारले आहे, ते याच अनुभवातून.

तिसरा आक्षेप : 'कळून तरी काय उपयोग?' हे तीस वर्षांपूर्वी कदाचित ऐकून घेता आले असते. आज ते खरे नाही. वेळेवर उपचार सुरू करून ते नियमाने घेणारा माणूस जवळजवळ इतरांइतकेच आयुष्य जगतो. आणि रक्तातील विषाणू मोजण्यापलीकडे कमी झाला, की शरीरसंबंधातून तो जोडीदारास बाधा देत नाही. उपचारांच्या आरंभी एखाद्याची छाती पुन्हा बिघडलेली दिसते, कारण सावरलेली प्रतिकारशक्ती दडलेल्या जंतूंवर तुटून पडते. अशा वेळी घाबरून आपल्या मनाने औषध सोडू नये, डॉक्टरांस गाठावे.

तेव्हा आमचे सांगणे थोडके आहे. कोरडा खोकला, बारीक ताप आणि चढती धाप दोन-तीन आठवड्यांत हटत नसेल, आणि साध्या औषधांचा गुण येत नसेल, तर आपल्या डॉक्टरांस 'एच.आय.व्ही.ची चाचणीही करून टाका' असे आपणच म्हणावे. साखर आणि कोलेस्टेरॉल तपासावयास देतो त्याच आवाजात म्हणावे. आपण म्हणालो तर पुढच्याला म्हणणे सोपे जाते. डॉक्टरांनी हा प्रश्न आपणांस विचारला, तर तो अपमान समजू नये. ते आपले काम नीट करीत आहेत, असे समजावे. कोणाच्या घरी अशी बाधा असल्याचे कानावर आले, तर ती गोष्ट आपल्यापाशीच ठेवावी आणि 'कशी झाली' हा प्रश्न तोंडातून काढू नये. आजाऱ्यास भेटावयास जावे, त्याच्या ताटाशेजारी आपले ताट मांडावे. ताटाने, पेल्याने, हस्तांदोलनाने हा विषाणू येत नाही. समाजमंदिरात जागा देताना, मुलांस खेळावयास पाठविताना, नोकरीस ठेवताना तोच न्याय लावावा.

जपानने आपल्या डॉक्टरांकडून, यंत्रांकडून आणि तिजोरीकडून होण्याजोगे पुष्कळ केले. उरलेले काम शेजाऱ्याचे, नातलगाचे आणि मित्राचे होते, आणि तेथे तो देश अजून अडखळतो आहे. आपला समाज लहान आहे, एकमेकांस नावानिशी ओळखणारा आहे. म्हणूनच येथे कुजबूज लवकर पसरते. पण चांगला रिवाजही तितक्याच लवकर पडू शकतो. तो पाडण्यास पैसा लागत नाही. येत्या शब्बाथला चार घरची माणसे जेवावयास एकत्र बसतील, तेव्हा हा विषय कोणीतरी काढावा आणि बाकीच्यांनी उठून न जाता ऐकून घ्यावा, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे.